तेल नितळ दिसतंय, तरी टँकर परत आला. नेमकं काय गाळायचं राहिलं?

जांभ्यावरचा

नमस्कार मंडळी. चिपळूणपासून खाली कणकवली-मालवणपर्यंतची हॉटेलं, वडापावच्या गाड्या आणि खानावळी यांच्याकडून तळून उरलेलं तेल गोळा करायचं काम मी आणि माझा मावसभाऊ गेली चार वर्षं करतोय. आजवर सगळा माल बायोडिझेलच्या एका कारखान्याला जायचा. ते पाणी आणि आम्लता बघायचे, भाव ठरायचा, संपलं.

यंदा एका व्यापाऱ्यामार्फत पहिल्यांदाच रिफायनरीसाठी तेल घेणाऱ्यांकडे टँकर पाठवला. हे तेल पुढे हायड्रोजनची प्रक्रिया होऊन डिझेल आणि विमानाचं इंधन बनतं, असं सांगितलं होतं. भाव चांगला होता, म्हणून तयारीही तशीच केली. आधी जाळीतून, मग दुहेरी कापडातून, शेवटी ५ मायक्रॉनच्या पिशवीतून गाळलं. काचेच्या बाटलीत भरून उन्हात धरलं तर चहासारखं लालसर पण अगदी नितळ. तळाला कणही नाही.

टँकर परत आला. सोबतच्या कागदावर फॉस्फरस ३१, क्लोराइड ७४, सगळे धातू मिळून ५८, सगळं पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत इतके भाग. भाडं दोन्ही वेळचं आमच्या अंगावर पडलं. घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही.

माझा प्रश्न सरळ आहे. डोळ्यांना दिसत नाही, पिशवीत अडकत नाही, असं या तेलात काय आहे? आणि ते आमच्यासारख्याला काढता येतं का, की हा धंदा मोठ्या प्लँटवाल्यांनीच करायचा?

सागरगोटा

५ मायक्रॉन कशाला, १ मायक्रॉनच्या पिशव्या लावा. काम झालं.

पाळीवाला_निवृत्त

सागरगोटा, नाही होणार. चहात साखर विरघळल्यावर गाळणी कितीही बारीक लावली तरी चहा अगोड होतो का? त्यांच्या तेलात जे उरलंय त्यातलं बरंचसं विरघळलेलं आहे, किंवा इतकं सूक्ष्म आहे की पिशवीला त्याचा पत्ताच लागत नाही.

मी २८ वर्षं रिफायनरीत हायड्रोजनच्या युनिटवर पाळ्या केल्या. रात्री जरा निवांत बसून लिहितो. जांभ्यावरचा, तुमचा प्रश्न फार मोलाचा आहे. धागा वर ठेवा.

प्रश्नचिन्ह

म्हणजे आपण खाल्लेल्या बटाटावड्याच्या तेलावर विमान उडणार? आमच्या आजीला सांगितलं तर ती गोव्याच्या विमानाकडे बघून भजी मागेल.

खानावळ_मालवण

जांभ्यावरचा दादा, मी मालवणात छोटी खानावळ चालवते. तुमचं तेल कुठून खराब होतं ते मी सांगू शकते, कारण ते माझ्याच कढईतून निघतं.

आमच्याकडे सुरमई, बांगडा, बोंबील दिवसभर तळले जातात. मासळीला मीठ, हळद, आगळ लावून ठेवलेलं असतं, वरून रवा किंवा तांदळाचं पीठ. प्रत्येक तुकडी कढईत सोडली की मीठ, पाणी आणि पीठ तिच्याबरोबर तेलात उतरतं. दुपारी गर्दी सरली की पोरं कढई घासायला घेतात. घाई असली की तळाशी राहिलेलं तेल आणि साबणाचं पाणी दोन्ही त्याच कॅनमध्ये जातं. मी ओरडते, पण मी बाजारात गेले की पुन्हा तेच.

अजून एक. आमच्याकडे ठेवलेला तुमचा कॅन आधी कशाचा होता? आमच्याकडे जो येतो त्याला अजून फरशी धुवायच्या औषधाचा वास येतो.

जांभ्यावरचा

ताई, हे वाचून मी आत्ताच गोडाऊनमध्ये जाऊन आलो. तुमचं खरं आहे. भंगारातून घेतलेल्या कॅनांपैकी किमान नऊ कॅन साफसफाईच्या रसायनांचे निघाले. लेबलं सोलून काढलेली होती, म्हणून कधी लक्षातच आलं नाही.

पाळीवाला_निवृत्त

बसलो आता. लांब होईल, पण एकदाच नीट सांगतो.

पहिला मुद्दा, बायोडिझेल आणि हे नवं इंधन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बायोडिझेलमध्ये तेलाची मिथेनॉलशी प्रक्रिया होते आणि खाली ग्लिसरीन निघतं. तिथेही घाण त्रास देते, पण बराचसा कचरा ग्लिसरिनाबरोबर आणि धुण्याच्या पाण्याबरोबर निघून जातो. रिफायनरीत तसं नाही. तिथे तेल तीनशे-साडेतीनशे अंश तापमानाला, प्रचंड दाबाच्या हायड्रोजनसोबत कॅटलिस्टच्या थरातून जातं. कॅटलिस्ट म्हणजे प्रक्रिया घडवून आणणाऱ्या ॲल्युमिनाच्या तांदळाएवढ्या कांड्या, त्यांच्या भोकांत निकेल आणि मॉलिब्डेनम. तेलातला ऑक्सिजन पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड होऊन निघून जातो आणि मागे उरतो तो डिझेलसारखाच हायड्रोकार्बन. सोबत थोडा प्रोपेनही मिळतो. विमानासाठी पुढे आणखी एक टप्पा लागतो, म्हणजे इंधन थंडीत गोठत नाही.

आता यात तुमचं फॉस्फरस आलं की काय होतं? वनस्पती तेलात आणि अन्नात लेसिथिनच्या जातीचे चिकट पदार्थ असतात, तेलवाले त्याला गम म्हणतात. फॉस्फरस त्यातून येतो. रिॲक्टरमध्ये तो गम फुटतो आणि फॉस्फरस कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोखंड यांच्याशी जमून कॅटलिस्टच्या वरच्या थरावर कडक पापुद्रा धरतो. दुधावर साय धरते तसा, पण दगडासारखा. खालचा सगळा कॅटलिस्ट ताजा असतो, पण वरून तेल खाली उतरायलाच वाट राहत नाही. वरचा आणि खालचा दाब यांतला फरक रोज थोडा थोडा वाढत जातो. आम्ही पाळीवर तो आकडा बघत बसायचो. एका हद्दीपलीकडे गेला की युनिट बंद, रिॲक्टर थंड करा, वरचा थर खरवडून काढा, पुन्हा भरा. खनिज तेलातही हे होतं, फक्त जैविक तेलात घाण जास्त असली तर वर्षांचं काम महिन्यांत येतं.

सोडियम आणि पोटॅशियम वर अडकत नाहीत, ते कॅटलिस्टच्या भोकांत शिरून त्याला निकामी करतात. म्हणून सांभाळणारे लोक मुख्य कॅटलिस्टच्या वर राखणीचा एक थर घालतात. त्याची भोकं मोठी असतात आणि घाण पकडणं हेच त्याचं काम. पण त्या थराचंही पोट भरतं. म्हणून रिॲक्टरच्या तोंडाशी साधारण फॉस्फरस २-३ पीपीएमच्या खाली आणि सगळे धातू मिळून १० च्या खाली हवेत असं धरतात. काही ठिकाणी याहून कडक.

क्लोराइडची गोष्ट तर घरातल्या उदाहरणाने कळेल. मिठातलं क्लोरीन रिॲक्टरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. तेलातल्या नायट्रोजनचा अमोनिया होतो. दोघे पुढे थंड भागात भेटले की काय बनतं? नवसागर. कल्हईवाला भांड्यावर फिरवायचा तो. तो नळ्यांत पांढरा थर होऊन बसतो, आणि जरा पाणी मिळालं की पोलाद खातो. मी एका शटडाऊनमध्ये अशी नळी हाताने फोडलेली बघितली आहे, कागदासारखी पातळ झालेली.

म्हणून ७४ क्लोराइड बघून त्यांनी टँकर परत केला तर त्यात त्यांचा आडमुठेपणा नाही.

सागरगोटा

निवृत्तकाका, साष्टांग. माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. नवसागर आता कायमचा डोक्यात राहील.

लोट्याचा_गाळणीवाला

पाळीवालाकाकांना पुरवणी. मी लोटे-परशुराम पट्ट्यात फिल्टर दुरुस्तीची कामं करतो, खाद्यतेलाच्या आणि रसायनांच्या दोन्ही.

मोठ्या ठिकाणी हे तेल कसं स्वच्छ करतात ते क्रमाने सांगतो. आधी गरम करून जाळीतून काढायचं आणि टाकीत निवळू द्यायचं. मग त्यात सायट्रिक किंवा फॉस्फोरिक आम्ल मिसळायचं. गमचे दोन प्रकार असतात. एक नुसतं पाणी लागलं की फुगून वेगळा होतो. दुसरा कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून बसलेला असतो, तो पाण्याला दाद देत नाही. आम्ल त्याची पकड सोडवतं. मग पाणी देऊन सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की जड चिकटा बाजूला होतो.

आमच्या आजोळी पावसाळ्यात विहिरीचं गढूळ पाणी निवळायला निवळीची बी उगाळून टाकायचे. गाळणीने जे जात नव्हतं ते बी एकत्र करायची आणि तळाला बसवायची. आम्लाचं काम जवळजवळ तेच. आधी विरघळलेल्याला घट्ट करायचं, मग गाळायचं. गाळणी दुसऱ्या नंबरला येते, पहिल्या नाही.

त्यानंतर माती. आम्लाने फुलवलेली बेंटोनाइट, आपल्याकडे बरीचशी कच्छची. शंभर अंशांच्या आसपास, हवा काढून टाकलेल्या भांड्यात तेल आणि माती ढवळतात. उरलेला गम, साबण, धातू ती माती अंगाला चिकटवून घेते. साबण जास्त असेल तर जोडीला सिलिका देतात. मग हे सगळं पानांच्या फिल्टरमधून. स्टीलच्या जाळीची उभी पानं असतात, त्यांच्यावर मातीचा थर बसतो आणि खरं गाळणं तो थर करतो, जाळी नाही. पहिलं तेल गढूळच येतं, ते परत फिरवायचं असतं. नवा ऑपरेटर नेमका इथे घाई करतो. शेवटी राखणीला बारीक काडतुसं, म्हणजे कार्ट्रिज फिल्टर, एखादा मातीचा कण निसटलाच तर तो रिॲक्टरपर्यंत जाऊ नये म्हणून.

आता धोक्याचं. वापरलेल्या मातीत पाव हिश्श्याच्या आसपास तेल अडकून राहतं. बारीक माती, भरपूर हवा, वर तेल. ती आपोआप तापते. एकदा मे महिन्यात एका ठिकाणी पत्र्याच्या शेडमध्ये असल्या पोत्यांची थप्पी रचली होती. सकाळी गेलो तर मधल्या पोत्यांतून धूर. पोतं ओढलं तसा आतून लाल झालेला गोळा बाहेर पडला. नशिबाने वाऱ्याची दिशा टाकीकडे नव्हती. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, माती ओली ठेवा, ढीग करू नका. जांभ्यावरचा, गोडाऊनमध्ये हौसेने मातीचा प्रयोग करू नका, ही कळकळीची विनंती.

उंडीखालचा

निवळीच्या बीवरून आठवलं. माझी आजी उंडीच्या तेलाचा दिवा लावायची, गुहागरकडे. उंडेल म्हणायची त्याला. वातीवर काळा गोंडा धरायचा आणि ती हेअरपिनने तो झाडत राहायची. राळ फार असते त्या तेलात. किनाऱ्याला आजही उंडीची झाडं आहेत, बिया तशाच कुजून जातात. त्याचं इंधन नाही का होणार?

पाळीवाला_निवृत्त

होईल, पण तुमच्या आजीच्या हेअरपिनचं काम कुणाला तरी करावं लागेल. वातीवरचा तो गोंडा म्हणजे राळ आणि गम जळून उरलेलं. कॅटलिस्टवर तेच होईल. आधी राळ काढली पाहिजे.

अखाद्य बियांवर आपल्याकडे कामही झालं आहे. २७ ऑगस्ट २०१८ ला देहरादून ते दिल्ली विमान उडालं, त्यातलं जैव इंधन मोगली एरंडाच्या तेलापासून होतं, साध्या इंधनात मिसळलेलं. देहरादूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने ते बनवलं होतं. बी चालते, अडचण येते ती टनाटनाने गोळा करायची.

काजूबागायत

आणि काजूच्या टरफलाचं तेल? वेंगुर्ल्याकडे त्याला तोटा नाही.

पाळीवाला_निवृत्त

ते खाद्यतेलाच्या कुळातलंच नाही. हाताला लागलं की कातडी सोलते ते तेल, फिनॉलच्या जातीचं. तापवलं की आपापसात जुळून घट्ट होतं. रंग, रेझिन, ब्रेकचं अस्तर यांत त्याला चांगला मान आहे, तिथेच राहू दे.

होडयेवरचो

माका रिफायनरीतला काय कळणा नाय, पण फिल्टर चोंदलो की काय होता ता माका इचारा. गेल्या वर्सा आचऱ्यासमोर इंजिन बंद पडला, वारो उलटो, दोन तास लाटांवर. उघडून बघलंय तर फिल्टरात पाणी आणि काळो शेवाळासारखो चिकटो.

जांभ्यावरचा, पावसात ड्रम उभो ठेवतास काय? उभो ठेवलो तर झाकणार पाणी साठता. दिवसा ड्रम तापता, रात्री गार झालो की बुचातसून ता पाणी आत वडता. ड्रम आडवो घालूचो, दोनय बुचां तेलाखाली येतीत अशी. बूच तेलात बुडलेला असला की ता तेल वडीत, पाणी नाय. माझ्या बापाशीन शिकवलेला.

जांभ्यावरचा

दादा, सगळे उभे आहेत. पत्र्याखाली आहेत, पण आपला पाऊस आडवा येतो हे वेगळं सांगायला नको. उद्या सगळे आडवे करतो.

मिरकरवाडा_बंदर

इथे मासळीची भुकटी आणि तेल काढणाऱ्या एका कारखान्यात काम करतो. तारली, बांगडा, जाळ्यात येणारा बारीक मासा. आमचं तेल कोळंबीच्या खाद्याला जातं. आमच्याकडेही गेल्या वर्षी इंधनवाल्यांची चौकशी आली होती, नमुना नेला, पुन्हा फोन नाही. निवृत्तकाकांचं वाचल्यावर कारण थोडं कळलं. आमच्या तेलात मीठही असणार आणि नायट्रोजनही.

रॉटरडॅमचा_राजापूरकर

मिरकरवाडा, आणखी एक कारण आहे. मासळीच्या तेलात दुहेरी बंध फार. त्याला हायड्रोजन जास्त लागतो आणि रिॲक्टरमध्ये उष्णता जास्त सुटते. हीटरच्या नळ्यांत ते जुळून डिंकासारखं बसतं. मासळी प्रक्रियेतून उरलेली चरबी इकडे वापरतात, पण दुसऱ्या तेलात थोडी थोडी मिसळून.

मी इथे अशाच एका प्लँटमध्ये तेल शुद्धीकरणाच्या बाजूला आहे. युरोपात जुन्या रिफायनऱ्यांचं रूपांतरही झालं आहे. व्हेनिसजवळची पोर्तो मारघेरा २०१४ मध्ये पहिली, मग सिसिलीतली जेला २०१९ मध्ये. पण हे प्लँट दिवसभर जी लढाई लढतात ती कॅटलिस्टची नाही, येणाऱ्या तेलाची. रोज वेगळ्या देशाचं, वेगळ्या स्वयंपाकघराचं तेल.

दोन घाणी इथे अजून आल्या नाहीत, त्या सांगतो.

एक म्हणजे प्लास्टिक. खाटीकखान्याच्या चरबीत पिशव्यांचे तुकडे, जनावरांच्या कानातले बिल्ले येतात. चरबी गरम असली की पॉलिथिन तिच्यात विरघळून जातं आणि फिल्टरमधून सुखाने पार होतं. पुढे जरा थंड झालं की पुन्हा घट्ट होऊन पापुद्र्यासारखं चिकटतं, नेमकं नको त्या जागी. म्हणून ते पकडायचं तर तेल आधी पुरेसं गार करून गाळावं लागतं. पण फार गार केलं तर चरबीच गोठते. त्या दोन तापमानांच्या मधली अरुंद वाट शोधण्यात माझी पहिली दोन वर्षं गेली. जांभ्यावरचा, तुमच्याकडे कॅनमध्ये पिशव्या, दुधाच्या पुड्यांचे कोपरे पडत असतील तर ते तेल तापवायच्या आधी काढा, नंतर नाही.

दुसरी सिलिकॉन. तळणीच्या काही तेलांत फेस येऊ नये म्हणून सिलिकॉनचं द्रव्य अगदी थोडं घातलेलं असतं. ते कॅटलिस्टवर बसलं की कायमचं, जाळून-धुऊन निघत नाही.

आणि लोखंडाबद्दल. तळून तळून तेल आंबट होतं, म्हणजे मोकळी आम्लं वाढतात. ती आम्लं पत्र्याच्या ड्रममधून लोखंड खाऊन स्वतःत विरघळवतात. त्याला पिशवी अडवू शकत नाही. रिॲक्टरजवळच्या उष्णतेत ते सुटं होऊन गंधकाशी जमतं आणि काळी भुकटी होते. इथे गंधक कुठून आला? कॅटलिस्टला जिवंत राहायला गंधक लागतो, खनिज तेलात तो आपसूक असतो, आपल्या तेलात नसतो, म्हणून मुद्दाम सोडावा लागतो. म्हणजे लोखंड येतं तुमच्या गंजलेल्या ड्रममधून आणि बोळा बसतो आमच्या रिॲक्टरवर. ड्रम प्लास्टिकचे घ्या.

कातळशिल्प

सगळं वाचतोय, ज्ञानात भर पडली. पण मनातलं बोलतो. माझं गाव राजापूर तालुक्यात. नाणारची अधिसूचना २०१९ मध्ये रद्द होईपर्यंत आणि मग एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणाच्या वेळी आमच्या बायकामाणसांनी जे सोसलं ते मी जवळून पाहिलं. 'रिफायनरी' शब्द आला की पोटात गोळा येतो. वडापावच्या तेलाच्या नावाखाली तीच गोष्ट मागच्या दाराने येणार नाही ना?

रॉटरडॅमचा_राजापूरकर

कातळशिल्प, माझीही आई तिथेच आहे, त्या दिवसांत रोज फोन करायचो. तुमची भीती मी खोटी ठरवणार नाही. एवढंच सांगतो की वापरलेलं तेल गोळा करण्याचं काम गावोगाव, लहान प्रमाणात होतं आणि त्याला हजारो एकर लागत नाहीत. पण शुद्धीकरण करणारा प्लँट आला तर त्याचं धुण्याचं पाणी, ती वापरलेली माती कुठे जाते, हे पहिल्या दिवशी विचारायचंच. मी असतो तर मीही विचारलं असतं.

संपादक मंडळ

नाणार-बारसूवर स्वतंत्र धागे आहेत. इथे कृपया तेलाच्या शुद्धीकरणावर बोलूया. कातळशिल्प यांचा सांडपाण्याचा मुद्दा विषयाला धरून आहे, तो चालू राहू द्या.

पानभर_दर

खानावळ ताई, एक विचारायचं होतं. तळलेलं तेल गाड्यांवाले पुन्हा विकत घेतात हे ऐकलंय. खरं?

खानावळ_मालवण

खरं आहे. आमच्याकडे एक जण यायचा, काही न विचारता जास्त पैसे द्यायचा. हे कुठे नेतोस विचारलं तर हसायचा. ते तेल कुणाच्या तरी पोराच्या पोटात जाणार हे कळल्यावर मी देणं बंद केलं. म्हणून जांभ्यावरचा दादांना देते, भाव कमी असला तरी.

अन्नतपासणी_माजी

ताईंचं अभिनंदन करावंसं वाटतं. नियम माहितीसाठी: १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलात एकूण ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारी) २५ टक्क्यांवर गेली की ते खाण्यासाठी वापरता येत नाही. त्याच वर्षी एफएसएसएआयने वापरलेलं तेल इंधनाकडे वळवण्याची रुको योजना आणली. दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल लागणाऱ्यांनी नोंद ठेवायची आणि अधिकृत गोळा करणाऱ्यालाच द्यायचं, हेही नियमात आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १ टक्का आणि २०२८ मध्ये २ टक्के शाश्वत इंधनाचं उद्दिष्ट आहे, त्यामुळे या तेलाला मागणी वाढणार. स्वच्छ तेल देणाऱ्याला चार पैसे जास्त मिळाले तर ते गाड्यांकडे जाणं आपोआप कमी होईल. माझ्या मते या धाग्यातली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे.

जांभ्यावरचा

सगळ्यांचे मनापासून आभार. आता कामाचं विचारतो. निवृत्तकाका, गाळणीवाला दादा, मातीचा प्रयोग करणार नाही, शब्द दिला. पण पाणी आणि सायट्रिक आम्ल आमच्या पातळीवर करता येईल का? लिंबूफूल तर वाण्याकडे मिळतं.

लोट्याचा_गाळणीवाला

२०० लिटरवर करून बघा. आधी सगळं पाणी आणि गाळ निवळून खालून काढा. तेल ६०-७० अंशांपर्यंत तापवा, थेट जाळावर नको, गरम पाण्याच्या वेटोळ्याने. शे-दोनशे ग्रॅम लिंबूफूल थोड्या गरम पाण्यात विरघळवून घाला, अर्धा तास हळू ढवळा. मग तेलाच्या पाच टक्के गरम पाणी. इथे हळू म्हणजे खरंच हळू. रवीने घुसळल्यासारखं केलंत तर ताक होईल आणि तेल-पाणी दोन-दोन दिवस वेगळं होणार नाही. साबण गेलेल्या तेलात तर नक्कीच. रात्रभर झाकून ठेवा, सकाळी खालचा थर काढा, मग उरलेलं पाणी उडवायला तापवा आणि तुमच्या पिशवीतून गाळा. आता ती पिशवी कामाची.

मीठ तेलात विरघळत नाही, ते पाण्याच्या थेंबांत आणि बारीक खड्यांत असतं. त्यामुळे क्लोराइडवर पाण्याचा चांगला परिणाम दिसेल. धातूंवर थोडा कमी.

पाळीवाला_निवृत्त

सहमत. आणि २-३ पीपीएम तुम्ही गाठायचं नाहीये, ते त्यांच्या शुद्धीकरण विभागाचं काम. तुम्ही फक्त त्यांच्या दारातून आत जाईल एवढं आणायचंय. त्यांच्याकडून दाराची हद्द लेखी मागून घ्या.

जांभ्यावरचा

पाच आठवड्यांनी लिहितोय. क्षमस्व, मध्ये पावसाने रस्ता दोनदा बंद होता.

काय केलं: रसायनांचे सगळे कॅन फेकले, खाद्यतेलाचेच घेतले. ड्रम आडवे केले, निम्मे प्लास्टिकचे झाले. मासळीचं तेल आणि वडा-भजीचं तेल वेगळं गोळा करायला लागलो. आधी वाटलं होतं फरक फार नसेल. दोन्हींचे नमुने वेगळे तपासून घेतले, तर भजीच्या तेलात क्लोराइड नुसतं निवळून २२ आणि मासळीच्या तेलात ११८. म्हणजे आम्ही चार वर्षं चांगलं तेल खारट तेलात मिसळून दोन्हीची किंमत घालवत होतो. हे कळल्यावर मावसभाऊ बराच वेळ पायरीवर गप्प बसून राहिला.

मासळीच्या तेलावर लिंबूफुलाची धुलाई केली. पहिला घाणा ताक झाला, कारण मी घाई केली. दुसरा नीट सुटला. खाली काढलेला थर करडा, चिकट, नाकाला वास सहन होईना. धुतल्यावर क्लोराइड २६, फॉस्फरस १२ (परत आलेल्या मिसळलेल्या टँकरमध्ये ३१ होता), धातू २४ (तेव्हा ५८). लोखंड फारसं हललं नाही, रॉटरडॅमवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे. नवीन ड्रममधल्या मालात ते मुळातच कमी आहे.

व्यापाऱ्याने दाराची हद्द लेखी दिली. भजीचं तेल पूर्ण भावात घेतलं. धुतलेलं मासळीचं तेल थोडी वजावट करून घेतो म्हणाला. पहिला टँकर परवा गेला, अजून परत आलेला नाही.

एक प्रश्न मात्र उरलाय. धुण्याचं पाणी आणि तो करडा चिकटा. मागे पऱ्ह्या (ओढा) आहे, तो थेट वाशिष्ठी नदीला मिळतो. त्यात सोडणार नाही हे नक्की. सध्या दोन टाक्यांत साठवून ठेवलंय.

लोट्याचा_गाळणीवाला

१२ फॉस्फरस! दुसऱ्याच घाण्यात छान आहे. चिकट्यात अजून तेल आहे, बायोगॅसवाले घेतात, पण त्यांना मिठाचा आकडा आधी सांगा. पाण्यातलं आम्ल चुन्याने उतरवून ठेवा. मी शनिवारी चिपळुणात आहे, येऊन बघतो. तोवर टाक्यांवर झाकण ठेवा, पावसाने भरून वाहू देऊ नका.

कातळशिल्प

पऱ्ह्यात सोडत नाही म्हणालात, तेवढ्यासाठी तुमच्या पुढच्या टँकरला माझ्या शुभेच्छा.

होडयेवरचो

ड्रम आडवे घातल्यास ना? बरा झाला.

खानावळ_मालवण

दादा, आमच्याकडे आता कढई आधी कागदाने पुसतात, मग साबण. दोन पोरांना ते पटवायला आठवडा गेला. मासळीचं आणि सकाळच्या भज्यांचं वेगळं ठेवायला मला दोन कॅन लागतील.

जांभ्यावरचा

ताई, मंगळवारी गाडी मालवणात येतेय. दोन्ही कॅन खाद्यतेलाचेच, स्वतः धुऊन वाळवलेत. पिवळ्या झाकणाचा मासळीसाठी, पांढऱ्या झाकणाचा भज्यांसाठी.